भोंगा झाला की कोणी काय करायचं

कुणाच्याही घरी गेले की आमचे मॅनेजर बसायच्या आधी दारं पाहून घेत. पुढचं कुठं उघडतं, मागचं कुठं निघतं, परसात विहीर आहे का, विहिरीवर दोर आहे की तो कोणी शेजारी मागून घेऊन गेलाय. एवढं झालं की टोपी काढून गुडघ्यावर ठेवत आणि मग चहाला हात लावत. आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा आईला वाटलं, हा माणूस घर विकत घ्यायला आलाय. ते गेल्यावर तिनं मला खोलीत नेऊन विचारलं, ‘‘काहून रे, काई लपवून राह्यला का तू?’’

वाशीमला स्टेशनाजवळ एका शेठचा कापसाचा जीन होता. कपाशीतून सरकी वेगळी करायची आणि रुईच्या गाठी बांधून रेल्वेनं पाठवायच्या, हा धंदा. दिवाळीला इंजिन सुरू व्हायचं, ते होळीच्या आसपास थंड व्हायचं. साठ सालानंतरची काही वर्षं मी तिथे काट्यावर कारकून होतो. गाड्या आल्या की कापूस तोलून घ्यायचा आणि चिठ्ठी फाडायची. ते मॅनेजर. रिसोडकडचे, उंच, हडकुळे, भर उन्हातही बंद गळ्याचा कोट. मजूर मला काटेबाबू म्हणत, त्यांना मनीजरबाबू. पाठ फिरली की ‘कोनकरन’ म्हणत, आणि हे त्यांना ठाऊक होतं.

नाव पडण्यासारखंच होतं. कुठलीही गोष्ट निघो, त्यांचा पहिला प्रश्न तोच. हौदात पानी भरायचं हाये. कोन करन? पट्टा तुटला. जोडून कोन आनन? आणि उत्तर ‘करू ना बाबू’ असं आलं की ते पुढे सरकायचेच नाहीत.

‘‘करू म्हनजे कोन करन?’’

‘‘आपुन समदे मिळून करू.’’

‘‘आपुन कोन बे? मह्या हजेरीत त्या नावाचा मानूस नाही.’’

समोरचा हसायचा. ते हसायचे नाहीत. एक नाव ऐकेपर्यंत उभे राहायचे, आणि एक नाव मिळालं की लगेच दुसरं मागायचे. प्रत्येक कामाला एक माणूस आणि त्या माणसाला एक मागचा. पहिला आजारी पडला, बाजाराला गेला, सोयरिकीला गेला, तर मागच्यानं न सांगता पुढं व्हायचं. दुपारी भाकरी खाणाऱ्याच्या समोर जाऊन ते अचानक म्हणायचे, ‘‘भोंगा झाला. तू काय करतं?’’ घास तोंडात असला तरी उत्तर द्यावं लागायचं. ‘‘बैलं सोडतो बाबू.’’ ‘‘आन तुहा मागचा कोन?’’ इतरांचा ‘राम राम’ व्हायचा, त्यांचा हा प्रश्न व्हायचा.

भोंगा म्हणजे इंजिनाचा. सकाळी कामाला बोलवायला तो एकदा लांब वाजे, संध्याकाळी सुटताना एकदा. थांबून थांबून तीनदा वाजला तर आग. कापसाच्या जीनला आग नवी नसते. कपाशीत एखादा खडा येतो, खिळा येतो, पोलादी पात्यावर ठिणगी उडते आणि हवेत तरंगणारा कापसाचा भुसाच आधी पेट घेतो. सगळ्या जीनमध्ये वाळूच्या बादल्या लाल रंग देऊन टांगलेल्या असतात. आमच्याकडे बादल्यांखाली माणसंही टांगलेली आहेत, असं मिस्त्रीचाचा म्हणायचे. ते मंगरूळपीरचे, इंजिन त्यांच्या हाताखाली होतं, आणि मॅनेजर गावाला गेले की मॅनेजरचे मागचे तेच.

मी स्वभावानं याद्या करणारा. आजही बाजारात जाताना खिशात कागद लागतो. म्हणून नोकरीला लागल्यावर पहिल्याच हंगामात मी त्यांना सुचवलं की ही सगळी कामं आणि नावं एका मोठ्या कागदावर लिहून ऑफिसच्या भिंतीवर लावू. मला वाटलं खूश होतील. त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

‘‘आगीत पयले काय जळते?’’

‘‘कापूस.’’

‘‘त्याच्या आंधी कागद. आन भोंगा झाल्यावर तुमी भिंतीपाशी जाऊन वाचत बसान काय? अर्ध्या बायायले तं वाचताच येत नाही. तोंडात पाह्यजे बाबू, तोंडात.’’

तेव्हा जे होतं ते तोंडी. आणि तोंडी असलेलं विसरू नये म्हणून तालीम. महिन्यातून एखाद्या दिवशी जेवणाच्या सुटीत भोंगा तीनदा वाजे आणि सगळे आपापल्या कामाला धावत. शेठला हे मान्य नव्हतं. कामाच्या वेळात करायचं नाही, अशी ताकीद होती. म्हणून सुटीत, आणि सुटी मोडली म्हणून मजूर कुरकुरायचे, त्यांना ते पदरचे गूळ-शेंगदाणे वाटायचे. लोक त्याला ‘बाबूचा खेळ’ म्हणत. कोणी हौदावर, कोणी बादल्यांच्या रांगेत. माझ्याकडे मोठं फाटक उघडून आतल्या गाड्या बाहेर काढणं. एका माणसाकडे नुसता कोयता: बैलांचे कासरे सोडत बसायचं नाही, कापायचे.

कामावरच्या बायकांची तान्ही पोरं कंपाउंडातल्या लिंबाखाली झोळ्यांत टांगलेली असायची. ती उचलून बाहेर न्यायचं काम एका म्हातारीकडे होतं. ती म्हणाली, मी एका येळी दोनच उचलीन. तर त्यांनी बुरडाकडून हे भलंमोठं टोपलं करून आणलं. पहिल्या तालमीत झोपलेली पोरं उठवायची नाहीत म्हणून टोपल्यात कोहळी ठेवली. म्हातारी कोहळी डोक्यावर घेऊन फाटकाबाहेर पळतेय आणि मागून हे कोट सावरत ओरडतायत, ‘‘मान धर! मान धर त्याची!’’ त्या संध्याकाळी बायकांनी ती कोहळी वाटून घेतली. पुढे कित्येक दिवस कोणाच्या घरी कोहळ्याची भाजी झाली की ‘बाबूचा लेक शिजवला’ म्हणायचे.

त्यांच्या घरीही हेच. त्यांची बायको मोठी हसरी बाई होती. मला सांगायची, ‘‘मी लगन होऊन आली, तं पयल्या दिवशी यायनं मले काय दाखवलं? मागचं दार. म्हने, पेटी घ्याले थांबायचं नाही. मले वाटलं बाप्पा, यायचं घर काई रोज जळते का काय!’’ ते शेजारी बसून ऐकत आणि तिचं बोलणं संपल्यावर शांतपणे विचारत, ‘‘मंग? पेटी घ्याले थांबशीन?’’ ‘‘नाही थांबत वं माय,’’ असं ती आम्हाला सांगे, त्यांना नव्हे.

माझ्या मुलीच्या बारशाला मांडवात ते आले. पाळणा कुठं आहे, समई कुठं आहे ते पाहिलं आणि माझ्या सासूबाईंनाच जाऊन विचारलं, ‘‘आत्याबाई, मांडवानं पेट घेतला तं पोरीले कोन उचलन?’’ सासूबाई हळदीकुंकवाचं ताट घेऊन जागच्या जागी उभ्या राहिल्या. ‘‘चांगल्या दिवशी असं अभद्र बोलते का कोनी?’’

‘‘बोलल्यानं आग लागत असती तं आमचा जीन धा बार जळला असता. कोन उचलन थे सांगा.’’

‘‘मी उचलीन!’’ सासूबाई चिडून म्हणाल्या.

‘‘आन तुमचा मागचा?’’

त्यानंतर आमच्याकडच्या कार्याला त्यांना बोलवायचं की नाही यावर दरवेळी वाद व्हायचा. मी बोलवायचो.

हे खूळ कुठून आलं ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. काट्याजवळ गाड्या नव्हत्या, दुपार रिकामी होती. मी सहज म्हणालो, तुमच्याइतकी काळजी कुठल्या जीनमध्ये घेत नसतील. त्यांनी काट्याची साखळी सरळ केली. मग म्हणाले की तरुणपणी दुसऱ्या एका गावी जीनवर होते, तिथे आग लागली होती. सगळे धावले. सगळ्यांनी पाणी मारलं, सगळ्यांनी गाठी ओढल्या. आग विझवली. मग समजलं की दोन पोरी आत राहिल्या. या दाराच्या लोकांना वाटलं त्या दारानं निघाल्या, त्या दाराच्यांना वाटलं या दारानं. ‘‘चौकशी झाली. कोनाचीच चूक निघाली नाही,’’ ते म्हणाले. ‘‘कोनाचीच नाही. थे मले अजून गिळता आलं नाही.’’ मग एक गाडी आली आणि ते उठून गेले.

म्हणून त्यांच्या सगळ्या व्यवस्थेत एक काम इतर सगळ्यांच्या वर होतं. मोजणी. भोंगा झाला की बायका-पुरुष सगळे लिंबाखाली जमायचे आणि एकेकाचं नाव घेतलं जायचं. ज्याच्या नावाला ‘हाव’ म्हणून होकार आला नाही तो आत. तोवर कोणीही उलटा आत धावायचा नाही, आपलं माणूस दिसत नाही म्हणूनही नाही; कारण धावणारा जातो आणि ज्याच्यासाठी धावला तो बाहेर उभा असतो. दोन हमाल ओली गोणपाटं खांद्यावर घेऊन लिंबाखाली तयार राहायचे. नाव मिळालं की ते दोघे जाणार, आणि त्या माणसाची जागा जिथं असेल तिथंच जाणार.

मोजणी त्यांनी गोदाबाईकडे दिली होती. गोदाबाई बायकांची मुकादमीण. काळीसावळी, चाळिशीच्या अलीकडची, आवाज असा की इंजिन चालू असताना या टोकाचं त्या टोकाला ऐकू जावं. तिला अक्षर येत नव्हतं, पण जीनवरचं प्रत्येक माणूस कुठं उभं असतं ते तिला पाठ होतं. पहिल्या यंत्रापासून ती जणू चालत निघायची. एकेका यंत्रावरची बाई, मग रुई उचलणारे, सरकीवाले, गाठी दाबणारे प्रेसवाले, इंजिनवाले. न अडखळता. फक्त एका जागी ती थांबायची.

यंत्रांच्या ओळीखाली एक बोळ होता. त्यात लोखंडी दांडा फिरायचा आणि त्या दांड्यावरून पट्टे वरच्या यंत्रांना जायचे. वाकून आत शिरायचं आणि दांड्याला तेल द्यायचं, हे काम रामजीकडे. रामजी म्हणजे गोदाबाईचा भासरा, नवऱ्याचा थोरला भाऊ. विधुर, अबोल, वर्षानुवर्षं त्या खडखडाटात राहून ऐकू कमी येऊ लागलेला. आमच्याकडे सून भासऱ्याचं नाव घेत नाही. त्याच्याकडे मान वर करून पाहत नाही, तो दिसला की पदर पुढं ओढून बाजूला होते. गोदाबाई हे इतकं पाळायची की ती कोणाला ‘राम राम’ही म्हणत नसे, नुसते हात जोडायची. नव्या माणसाला वाटायचं बाई मोठी गर्विष्ठ आहे.

तालमीत नावं घेत घेत ती त्या बोळाशी यायची आणि गप्प व्हायची. पदर पुढं यायचा. बायकांत खसखस पिकायची.

‘‘घे ना वं गोदे, देवाचंच नाव हाये!’’

‘‘घे, घे! तुह्या सासूले नाही सांगत आमी!’’

शेजारी उभे असलेले मॅनेजर साध्या आवाजात म्हणायचे, ‘‘रामजी.’’ गर्दीतल्या कोणीतरी रामजीला कोपर मारलं की तो ‘हाव’ म्हणायचा. गोदाबाई पुढचं नाव घ्यायची. किती तालमींत हे असंच झालं. पुढे पुढे बायकांनी चिडवणंही सोडलं. गोदाबाई थांबायची, ते नाव घ्यायचे, ती पुढं निघायची. श्वास घ्यावा इतकं ते सवयीचं झालं.

बाहेरगावी जायचं असलं की ते जीनभर फिरून आपली कामं मागच्याच्या हवाली करायचे. त्या दिवशी सकाळी अकोल्याला निघताना तसंच केलं. शिमगा जवळ आला होता, हंगाम सरत आला होता, मोठा पट्टा फाटत आला होता आणि नवा स्वतः पारखून आणायचा होता. इंजिनघरात मिस्त्रीचाचांसमोर उभं राहून त्यांनी एकेक काम म्हणून दाखवलं. भोंगा तुमचा, इंजिन बंद करनं तुमचं, चाव्या तुमच्या, हौदाचा पंप तुमचा.

‘‘अरे बाबू, शादी का घर छोडके जा राहिले का? संध्याकाळी तं येता,’’ चाचा म्हणाले.

‘‘तरी.’’

आग दिवस कलताना लागली. मधल्या एका यंत्रावर ठिणगी उडाली असं पुढे ठरलं. मी काट्यावर होतो. भोंगा तीनदा झाला तेव्हा मला आधी वाटलं, तालीम आहे. मग आठवलं की तालीम घेणारा गावात नाही. त्यापुढचं मी आजही कौतुकानंच सांगेन. मी फाटक उघडलं. गाड्या बाहेर निघाल्या. कोयतेवाल्यानं कासरे कापले आणि बैल आपापलेच वस्तीकडं धावले. म्हातारी टोपल्यात पोरं घेऊन माझ्या अंगावरून गेली, प्रत्येकाची मान धरलेली. इंजिन थांबलं होतं. हौदापासून बादल्यांची रांग लागली होती आणि एकही माणूस दुसऱ्याच्या रांगेत नव्हता. आग छपराला लागली, एका अंगाची रुई गेली, पण प्रेसकडं ती पोचू दिली नाही.

लिंबाखाली काय झालं ते मला नंतर बायकांकडून कळलं. गोदाबाई आपल्या जागी उभी राहिली. धुराचा लोट येत होता, पोरं रडत होती, तिच्या आवाजात जराही कंप नव्हता. एकेक नाव, एकेक ‘हाव’. बोळाशी आली, थांबली. पदर पुढं ओढला. आणि पुढचं नाव घेतलं.

सगळी नावं झाली. सगळ्यांना ‘हाव’ आलं. गोणपाटवाल्या दोघांनी गोणपाटं खाली टाकली आणि बादल्यांच्या रांगेत शिरले, कारण त्यांचं काम उरलं नव्हतं. बायका एकमेकींच्या गळ्यात पडून रडायला आणि हसायला लागल्या. शेठ घरून धावत आले होते. ते चाचांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, माल जातो, पुन्हा येतो, माणूस वाचला. त्यांनी कोणाला तरी चहाचं सांगितलं.

अकोल्याची गाडी तेवढ्यात आली. वाशीम जवळ आल्यापासून त्यांना डब्याच्या खिडकीतून धूर दिसत होता. गाडी पुरती थांबायच्या आत ते उतरले आणि रुळांवरून सरळ जीनकडं पळत आले. खांद्यावर नवा पट्टा गुंडाळलेला, टोपी कुठंतरी पडलेली. टोपीशिवाय मी त्यांना उघड्यावर पहिल्यांदाच पाहत होतो. लिंबाखाली येऊन त्यांनी पट्टा टाकला.

‘‘मोजनी?’’

‘‘हो गई बाबू,’’ चाचा म्हणाले. ‘‘समदे बाहेर हायेत. एकाच्या अंगाले चटका नाही. तुमचा खेळ पास झाला.’’

त्यांनी लिंबाच्या खोडाला हात टेकला. श्वास घेत होते. चेहऱ्यावर काहीतरी सैल झालं, मी ते पाहिलं. मग त्यांची नजर गोदाबाईकडं गेली आणि तो सैल चेहरा पुन्हा आवळला.

‘‘रामजीचं नाव कोनं घेतलं?’’

मिस्त्रीचाचांनी हमालांकडं पाहिलं, हमालांनी बायकांकडं. गोदाबाईचा हात पदराकडं गेला आणि अर्ध्यावर राहिला. मग ती उभ्या जागी खाली बसली.

ते तोवर निघाले होते. त्यांच्यामागे दोघे हमाल. बोळाला मागच्या अंगाला एक लाकडी झडप होती. कुत्री शिरू नयेत म्हणून तिची कडी बाहेरून. रामजीचं नाव मिळालं असतं, तर ती उघडणं हेच त्या दोघांचं काम होतं. बोळाच्या पुढच्या तोंडाशी जळती रुई पडली होती, म्हणून रामजी मागे आला होता. झडप उघडली तेव्हा तो दारालाच टेकून होता. अंगावर कुठं भाजलेलं नव्हतं. धुरानं गेला. मॅनेजरांनी त्याला बाहेर ओढून जमिनीवर ठेवलं, कोट काढला आणि त्याच्यावर घातला. मग त्याच्याशेजारी उकिडवे बसले. बायकांचा आक्रोश सुरू झाला होता. गोदाबाईचा आवाज त्यात नव्हता.

पंचनाम्याला पोलीस आले. ऑफिसात शेठ, चाचा, मी. शेठ काही दुष्ट माणूस नव्हते, पण घाबरले होते. ते म्हणाले की व्यवस्था सगळी चोख होती, मोजणीत बाईची चूक झाली, तसं लिहा. मॅनेजर भिंतीला टेकून उभे होते. खुर्ची दिली तरी बसले नव्हते.

‘‘बाईची चूक नाही,’’ ते म्हणाले. ‘‘तिले जे देल्लं थे तिनं केलं. रोज जसं करे तसंच केलं.’’

‘‘मग कोणाची?’’ जमादारानं विचारलं.

‘‘नाव घेनं मह्याकडे होतं. जातानी मी समदी कामं देऊन गेलो. हे नाही देल्लं.’’

‘‘का नाही दिलं?’’

त्यांनी जरा विचार केला. जमादाराला टाळत नव्हते. स्वतःच शोधत असावेत.

‘‘हे काम हाये, हेच मले कधी समजलं नाही,’’ ते म्हणाले.

जमादारानं हे लिहून घेतलं नाही. अपघाती मृत्यू, असं लिहिलं. कोणाचीच चूक निघाली नाही. कागद वाळवून मी फाइलला लावला, तेव्हा ते खिडकीशी उभं राहून बाहेर पाहत होते.

गावात मात्र चूक निघाली. गोदाबाईच्या वस्तीवर लोक म्हणू लागले, भासऱ्यानं घर सांभाळलं आन हिनं त्याले आत ठेवलं. नवरा तिच्याशी बोलेना. थोरल्या भावानं वाढवलेला माणूस तो. कोणावर चिडावं हे त्यालाही कळत नसेल. ज्यांनी तालमीत ‘घे ना वं गोदे’ म्हणून चिडवलं होतं, त्याच बायका आता म्हणत, अशा येळी तरी घ्याले पाह्यजे होतं नाव. मी काट्यावर बसून ऐकायचो. अशा वेळी म्हणजे कशा? तिला थांबायचं शिकवलं होतं साऱ्या जन्मानं, आणि थांबल्यावर पुढं निघायचं शिकवलं होतं आम्ही. तिनं दोन्ही केलं.

ते कामावर येत होते, पण जीनभर फिरत नव्हते. कोणाला काही विचारत नव्हते. एकदा चाचांनीच मुद्दाम त्यांच्यासमोर एका पोऱ्याला दरडावलं, ‘‘भोंगा झाला, तू काय करता बे?’’ त्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. हिशेब पुरा होताच त्यांनी शेठला सांगितलं की रिसोडकडे घरची थोडी शेती आहे, तिकडं जातो. शेठनी थांबवलं नाही.

निघायच्या दिवशी सकाळी ऑफिसच्या चाव्या घ्यायला मी त्यांच्या घरी गेलो. दारात बैलगाडी उभी होती, सामान अर्धं भरलेलं. बायको आधीच माहेरी पोचली होती. ते ओट्यावर उभे होते आणि पायरीशी गोदाबाई उभी होती. केव्हा आली ते माहीत नाही. एवढ्या दिवसांत ती निम्मी झाली होती.

‘‘बाबू,’’ ती म्हणाली, ‘‘मले काम सांगा.’’

त्यांना वाटलं मजुरीचं. ‘‘जीन आता बंद हाये बाई. हंगामात चाचाले भेट, मी बोलून ठेवलं.’’

‘‘थे नाही.’’ ती पायरीवर बसली. आवाज तिचा नव्हताच. मला कान देऊन ऐकावं लागत होतं. ‘‘घरात कोनी बोलत नाही. सैपाक करतो, तं कोनी जेवत नाही. दिवसभर तेच तेच येते समोर. तुमी समद्यायले सांगता ना, असं झालं तं तू हे कर, तू थे कर. आता असं झालं. मंग गोदीनं काय कराव, थे सांगा. तुमी सांगसान थे करतो मी.’’

मी चाव्यांसाठी पुढे केलेला हात मागे घेतला.

इतकी वर्षं मी त्या माणसाला पाहत होतो. विचारायची खोटी, की याचं काम, त्याचं काम, याचा मागचा, सगळं तयार असायचं. आता ते ओट्यावरून उतरून तिच्याहून खालच्या पायरीवर, धुळीत, बसले.

‘‘मले नाही समजत, बाई,’’ ते म्हणाले. ‘‘मले सोताचंच नाही समजत.’’

ती एकीकडं पाहत होती, ते दुसरीकडं. रस्त्यानं जाणारे थांबून पाहत आणि पुढं जात. गाडीवाल्यानं दोनदा बैलांच्या पाठीवरून हात फिरवला, शेवटी हाक दिली, ‘‘बाबू, ऊन होऊन राह्यलं. बैलं दमतीन.’’ त्यांनी मानही वळवली नाही. गाडीवान माझ्याकडं पाहू लागला. मी काय करणार?

उठली ती गोदाबाई. पदर कमरेला खोचला. ओट्यावरचं सामान एकदा नजरेखालून घातलं, जशी ती यंत्रांच्या ओळीवरून नजर फिरवायची.

‘‘हे गाठुडं मी घेतो,’’ ती म्हणाली. ‘‘पेटी काटेबाबू घेतीन. तुमी गाडीत बसा, बाबू. तिकळे, सावलीच्या अंगानं.’’

मी पेटी उचलली. ते उठले, धोतराची धूळही न झाडता गाडीकडं गेले, आणि तिनं बोट दाखवलं होतं त्या जागी जाऊन बसले.